अकरावीतील तत्त्वज्ञान

दहावीचा निकाल लागला की आमच्या पाटणात घरोघरी सल्लामसलतीच्या बैठका भरतात. विज्ञान, वाणिज्य यांविषयी फारसा वाद होत नाही. कला शाखेचे नाव निघताच मात्र वडीलधाऱ्यांचे स्वर खाली येतात, आणि त्यातही मुलाने वा मुलीने ‘तत्त्वज्ञान’ म्हटले, म्हणजे आजोबा विचारतात, “इतक्यात संन्यास घ्यावयाचा आहे काय?” सारे हसतात व विषय तेथेच मिटतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मीही हसलो होतो, म्हणून हे लिहितो.

शेजारच्या घरातील ती मुलगी. तिला तर्कशास्त्र घ्यावयाचे होते. मी संस्कृताचा शिक्षक. चांगले गुण मिळतात म्हणून संस्कृत घ्यावयास सांगितले आणि वर, “तर्कसंग्रह मी घरी शिकवीन,” असे आश्वासनही दिले. अन्नंभट्टाचा तो सतराव्या शतकातील लहानसा ग्रंथ. डोंगरावर धूर आहे, त्या अर्थी तेथे अग्नी आहे, हे त्यातील अनुमान मी बाळपणी घोकले होते. तसेच तिच्यापुढे म्हटले. श्रावणातील सकाळ होती. तिने खिडकीतून कोयनेपलीकडच्या डोंगराकडे बोट दाखविले व विचारले, “गुरुजी, तो धूर की धुके?”

मी गप्प झालो. वस्तुतः उत्तर शास्त्रातच आहे. धूर मुळी नसेलच तर हेतू असिद्ध ठरतो. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असेही म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरास ओले इंधन लागते, आणि या अटीस नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ओल्या सरपणाची चूल जन्मभर फुंकलेल्या आमच्या मातोश्रींना तो शब्द ठाऊक नव्हता, पण अर्थ पुरता ठाऊक होता. माझे नेमके उलटे होते.

राज्य मंडळाने कला शाखेत तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान हे दोन निरनिराळे ऐच्छिक विषय ठेवले. २०१९ साली अकरावीची व २०२० साली बारावीची नवी पुस्तके निघाली. तत्त्वज्ञान म्हणजे गीतेवरील प्रवचन, ही समजूत आपल्या घरांतून फार आहे. ज्ञान कशास म्हणावे, बरेवाईट कशावरून ठरवावे, हे त्या विषयाचे प्रश्न; आणि त्यात वेदप्रामाण्य मानणाऱ्या मीमांसकाइतकीच केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाचीही बाजू ऐकून घ्यावी लागते.

आमच्या तालुक्यातीलच उदाहरण पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरण आधी झाले, भूकंप मागून आला, तेव्हा धरणच कारण, असे कोणी म्हणेल. परंतु एकामागून एक घडले एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्याला आपल्याकडे काकतालीय म्हणतात. शास्त्रज्ञांनी पुढे वर्षानुवर्षे जलाशयाच्या पातळीची व धक्क्यांची नोंद ठेवली, पाण्याच्या चढउताराशी धक्क्यांचा संबंध तपासला, आणि २०१७ साली गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विवरही घेतले. आज जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत कोयनेचे नाव जगभर घेतात. निष्कर्ष तोच निघाला; पण आधी तो केवळ तर्कट होता.

आजोबांना भय संन्यासाचे नसतेच, असे मला आता वाटते. भय “कशावरून?” या प्रश्नाचे असते, आणि ते अगदीच अनाठायी नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेले आगरकर मिल्ल व स्पेन्सर वाचून रूढींना तोच प्रश्न विचारू लागले. त्यांचे एक वेळ इंग्रजी विद्येवर ढकलता येईल. पण वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांचे काय? अस्पृश्यतेच्या वादात त्यांनी गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ मांडला, तो आपल्याच न्याय-मीमांसेच्या बळावर.

या जूनमध्ये त्या मुलीच्या धाकट्या चुलतभावाने तोच विषय काढला. या खेपेस मी हसलो नाही. विषय यादीत छापलेला असतो, पण शिकविणारा असतोच असे नाही. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी तुकडी खरोखर चालते की नाही, हे महाविद्यालयात जाऊन विचारा, एवढे सांगितले. आजोबा म्हणाले, “आणि नसली तर?” मी म्हटले, तर्कसंग्रह घरी आहे, मात्र आता तो मी खिडकी उघडी ठेवून शिकवीन.