व्हिडिओ हललाय? डिलीट करण्याआधी हे वाचा

दारात वरात येते, ढोल-ताशा सुरू होतो आणि घरातलं कुणीतरी मोबाईल उंच धरून चालता चालता शूट करतं. रात्री व्हिडिओ पाहिला तर चित्र इतकं हलतं की डोळे दुखायला लागतात. मग तो डिलीट होतो. पण वरात काही पुन्हा येत नाही. असा व्हिडिओ बऱ्याचदा एडिटिंगमध्ये सावरता येतो. या प्रक्रियेला स्टॅबिलायझेशन म्हणतात.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

भिंतीचा कोपरा, खिडकी, दुकानाची पाटी असे ठळक बिंदू सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये शोधतं. पुढच्या फ्रेममध्ये ते किती सरकले यावरून कॅमेरा कसा हलला हे ओळखतं आणि नको असलेला धक्का घालवण्यासाठी फ्रेम उलट दिशेला सरकवतं.

फ्रेम सरकली की कडेला काळी पट्टी दिसते. ती लपवण्यासाठी चित्र झूम केलं जातं. म्हणजे व्हिडिओ जितका स्थिर हवा, तितका कडेचा भाग जास्त जातो. कोपऱ्यात उभी असलेली आजी कापली जात नाही ना, हे नक्की पाहा.

हे कुठे करता येतं?

फोनवर गुगल फोटोजमध्ये व्हिडिओ एडिट करताना 'स्टॅबिलाइझ'चा पर्याय मिळतो. कॉम्प्युटरवर डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. अडोबी प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठी 'वॉर्प स्टॅबिलायझर' हा इफेक्ट आहे. त्यात 'स्मूदनेस' आधीपासून ५० टक्क्यांवर असतो. तो १० ते २० टक्क्यांवर आणून पाहा. चालण्याची थोडी लय राहिली तर चित्र नैसर्गिक वाटतं. भिंती किंवा चेहरे जेलीसारखे डुलत असतील, तर 'मेथड'मध्ये 'सबस्पेस वॉर्प'ऐवजी 'पोझिशन, स्केल, रोटेशन' निवडा.

काय सुधारत नाही?

सगळ्यात मोठी अडचण धूसरपणाची. कमी उजेडात प्रत्येक फ्रेम टिपायला कॅमेरा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात हात हलला की फ्रेमच पुसट होते. स्टॅबिलायझेशन फ्रेम सरकवतं, पुसट फ्रेम स्पष्ट करत नाही. उलट चित्र स्थिर झाल्यावर तो धूसरपणा जास्त खटकतो.

दुसरी अडचण गर्दीची. कॅमेऱ्यासमोरून माणसं सतत जात असतील, तर सॉफ्टवेअर भिंतीऐवजी त्यांचाच माग घेतं आणि चित्र भलतीकडेच सरकतं.

काय लक्षात ठेवाल?

- मूळ व्हिडिओ जपून ठेवा आणि बदल कॉपीवर करा.
- आधी हवा तेवढाच तुकडा कापा, मग स्थिर करा. एका मोठ्या धक्क्यामुळे संपूर्ण क्लिप झूम होऊ शकते.
- स्लो मोशन हवं असेल तर आधी स्टॅबिलायझेशन, नंतर वेग. प्रीमियरमध्ये एकाच क्लिपवर दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे स्थिर केलेली क्लिप 'नेस्ट' करावी लागते.
- पुढच्या वेळी शक्य असेल तर फोरकेमध्ये शूट करा. ३८४०×२१६० चा व्हिडिओ १९२०×१०८० मध्ये एडिट केला, तर कडा कापूनही स्पष्टता टिकते.

एवढं करूनही एखादा शॉट सावरला नाही, तर त्यातले दोन-तीन सेकंदच वापरा किंवा फक्त आवाज ठेवून त्यावर फोटो लावा. ढोल-ताशाचा आवाज हललेल्या व्हिडिओतही शाबूत असतो.