गणितशिक्षक होताना : पदवीतून गळलेली भूमिती

शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर आजच्या लेखात घेणार होतो. तो पुढं ढकलतोय, कारण तासगावकडच्या एका कॉलेजात टीवायला, म्हणजे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं पत्र आलंय. रियल अ‍ॅनालिसिसपासून पळू नका, असं मी गेल्या वेळी लिहिलं होतं. ती म्हणते, पळत नाही, पण मला नववी-दहावीला शिकवायचंय. तिथं एप्सिलॉन-डेल्टा नेमका कुठं येतो ते एकदा दाखवा. आणि जाता जाता दुसरा प्रश्न : निवडीचा पेपर ऑपरेशन्स रिसर्च घ्यावा की नंबर थिअरी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नंबर थिअरी. ऑपरेशन्स रिसर्च मार्क मिळवून देतो हे मला माहीत आहे, तुमचे सीनियर सांगतात ते खोटं नाही. पण सातवीच्या वर्गात कुणीतरी विचारणारच की दोन संख्यांचा लसावि गुणिले मसावि म्हणजे त्या संख्यांचा गुणाकार, मग तीन संख्यांना हे का चालत नाही? २, ४ आणि ६ घ्या : लसावि १२, मसावि २, गुणाकार २४, संख्यांचा गुणाकार मात्र ४८. ‘चालत नाही’ एवढंच सांगून खाली बसवता येतं. मूळ अवयवांचे घातांक मांडून, दोन घातांकांत मोठा अधिक लहान म्हणजे दोघांची बेरीज, पण तिघांत मधला गळतो, हे दाखवताही येतं. दुसरं करायचं असेल तर नंबर थिअरी.

आता पहिला प्रश्न. तो मला इतका आवडला की आजचा सगळा लेख त्याच्यावरच खर्च करणार आहे.

दहावीचं गणित भाग २ काढा. पहिलंच प्रकरण समरूपता, आणि त्यात प्रमाणाचं मूलभूत प्रमेय : त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली की ती उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. पुस्तकातली सिद्धता सुबक आहे. दोन जोडरेषा काढायच्या. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात, आणि एकाच पायावर, समांतर रेषांच्या दरम्यान असलेल्या दोन त्रिकोणांची क्षेत्रफळं सारखी. झालं.

छात्राध्यापकांचे सराव पाठ बघत मी अनेक वर्षं मागच्या बाकावर बसलो आहे. हा पाठ बहुतेक जण नीट घेतात. पाठ टाचण व्यवस्थित असतं, आकृती रंगीत खडूंनी काढलेली असते. पाठ झाल्यावरच्या चर्चेत मी विचारतो : समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात का? उत्तर तयार असतं, कारण क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंचीच्या निम्मं. ते का? आयताच्या निम्मं म्हणून. आणि आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी का? इथं थोडं हसू येतं, कारण हे प्राथमिक शाळेतलं. चौरस मोजायचे. ३ बाय ४ च्या आयतात १२ चौरस. साडेतीन बाय चार असेल तर अर्ध्या सेंटिमीटरचे चौरस घ्या, ७ च्या ८ ओळी, ५६ चौरस, प्रत्येक पाव चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे १४. बरोबर.

मग मी म्हणतो, आता √२ बाय १ चा आयत घ्या.

इथं चौरस कितीही बारीक केले तरी ते दोन्ही बाजूंना नेमके बसत नाहीत. √२ अपरिमेय आहे, हे आठवी-नववीत आपणच मुलांना सांगितलेलं असतं. त्याचा भूमितीतला अर्थ हाच. मग मोजणार काय? मोजता येत नाही, कोंडता येतं. रुंदी १ तशीच ठेवून लांबी १.४ आणि १.५ घेतली तर आपला आयत त्या दोन आयतांच्या मध्ये. मग १.४१ आणि १.४२. मग १.४१४ आणि १.४१५. दोन्ही बाजूंच्या क्षेत्रफळांमधली फट आपल्याला हवी तितकी लहान करता येते, आणि या सगळ्या फटींमध्ये राहील अशी संख्या एकच. ‘हवी तितकी लहान’ म्हणजेच तुमचा एप्सिलॉन. एकाहून जास्त संख्या राहू शकत नाहीत आणि एक तरी राहतेच, ही दोन्ही विधानं रियल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. बहुतेक मुलं ती पाठ करतात, कारण ती कशासाठी आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे दहावीच्या भूमितीच्या पहिल्या महत्त्वाच्या प्रमेयाखाली रियल अ‍ॅनालिसिस पुरलेलं आहे. युक्लिडला ही अडचण पुरती माहीत होती. त्याच्या सहाव्या पुस्तकातलं दुसरं विधान म्हणजे हेच प्रमेय आणि सिद्धताही हीच, पण तो ‘पाया गुणिले उंची’ म्हणतच नाही. त्याआधीचं पाचवं पुस्तक पूर्ण गुणोत्तरांवर खर्च केलेलं आहे. तो सिद्धांत युडोक्ससचा मानतात. दोन गुणोत्तरं समान केव्हा म्हणायची, तर कुठल्याही पूर्ण पटींनी ताडून पाहिलं तरी दोघांकडे लहान-मोठेपणाचा निर्णय एकच यायला हवा. अपरिमेय संख्या हा शब्दही न उच्चारता अपरिमेय गुणोत्तरं हाताळण्याची ही युक्ती दोन हजार वर्षं पुरली.

त्यानंतरची गोष्ट : गणिती रिचर्ड डेडेकिंड १८५८ साली झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिल्यांदाच डिफरन्शियल कॅल्क्युलस शिकवत होता. वर्गात एका ठिकाणी आकृतीचा आधार घ्यावा लागला, आणि या विषयाला स्वतःचा पाया नाही हे त्याला बोचायला लागलं. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला त्याला वास्तव संख्यांची व्याख्या सुचली. छापली मात्र १८७२ मध्ये. त्याच पुस्तिकेत तो ठणकावून सांगतो की √२ × √३ = √६ हे आजवर कुणी खऱ्या अर्थानं सिद्ध केलेलंच नव्हतं. आपण नववीत करणींचा गुणाकार एका तासिकेत उरकतो! मला ही गोष्ट फार प्रिय आहे. वास्तव संख्यांची काटेकोर व्याख्या एका मास्तरच्या अडचणीतून आली, आणि आता ती मास्तर होणाऱ्यांनाच निरुपयोगी वाटते.

फेलिक्स क्लाईननं १९०८ मध्ये भावी शिक्षकांसाठी दिलेल्या गटिंगेनच्या व्याख्यानांत नेमकं हेच दुखणं मांडलं. शाळेतून विद्यापीठात आलेल्याला शाळेचं गणित विसरायला लावतात. शिक्षक म्हणून तो परत शाळेत गेला की विद्यापीठाचं विसरतो आणि स्वतःला जसं शिकवलं तसंच शिकवायला लागतो. दोन्हीकडे सांधा तुटलेला.

आपल्याकडे हा तुटलेला सांधा सगळ्यात जास्त भूमितीत दिसतो. दहावीला लेखी परीक्षा ४० अधिक ४० गुणांची. म्हणजे तुम्ही जे शिकवणार त्यातलं निम्मं भूमितीच्या पेपरचं. बी.एस्सी.त काय असतं? पहिल्या वर्षाला निर्देशक भूमिती, तीही बरीचशी बीजगणित म्हणून. प्रमेय-सिद्धतेची भूमिती सहा सत्रांत जवळजवळ भेटत नाही. पदवीचे प्राध्यापक धरून चालतात की ती शाळेत झाली. बी.एड.ला आशययुक्त अध्यापन असतं, पण तिथं आशयाचं विश्लेषण होतं, आशय नव्यानं शिकवत नाहीत. बी.एड.चे प्राध्यापक धरून चालतात की पदवीत झाली. परिणामी वर्तुळाची प्रमेयं शिकवणाऱ्याकडे स्वतःच्या दहावीतली भूमितीच असते, तीही पाच-सहा वर्षं शिळी झालेली. ही पोकळी कुठलंही विद्यापीठ तुमच्यासाठी भरणार नाही, म्हणून नियोजन तुम्हालाच करायला हवं.

माझा सल्ला साधा आहे. सेकंड इयरच्या उन्हाळी सुट्टीत, ग्रुप थिअरीची तोंडओळख झाल्यावर, आठवी ते दहावीची भूमिती सलग सोडवून काढा. एकही उदाहरण न गाळता. चौरसाची आठ सममिती-रूपं तुम्ही ग्रुप म्हणून शिकलेली असता. मग एकरूपतेच्या कसोट्या म्हणजे सरकवणं, फिरवणं आणि उलटवणं आहे, हे आपोआप दिसायला लागतं. सोबत एडविन मोईझचं १९६३ चं पुस्तक ठेवा. त्याचं नावच उच्च दृष्टिकोनातून प्राथमिक भूमिती अशा अर्थाचं आहे, क्लाईनची आठवण करून देणारं. मग टीवायला रियल अ‍ॅनालिसिस येईल तेव्हा वहीच्या डाव्या पानावर एकच प्रश्न लिहीत जा : हे शाळेच्या कुठल्या पानाखाली आहे? दर प्रकरणाला उत्तर मिळेलच असं नाही. कॉम्पॅक्टनेसला मला अजून मिळालेलं नाही, ओढूनताणून लावत बसू नका.

फील्ड थिअरी असेल तर तीही घ्या. भौमितिक रचना शिकवताना कुणीतरी कोनाचे तीन समान भाग करायला मागतो, आणि ते पट्टी-कंपासनं सर्वसाधारण कोनाला जमत नाही, हे वॉन्झेलनं १८३७ मध्ये सिद्ध केलं; ते का, हे फील्ड थिअरीत कळतं. (तरीही दर वर्षी कुणीतरी निवृत्त गृहस्थ मला कोनाच्या त्रिभाजनाची रचना पाठवतात. आकृत्या देखण्या असतात.)

दुय्यम विषयाबद्दल थोडक्यात : नोकरीचा विचार केला तर फिजिक्स किंवा केमिस्ट्री, कारण शाळेत गणिताबरोबर विज्ञानही गळ्यात पडतं आणि टीईटीच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान मिळून ६० गुणांचं आहे. पण दहावीच्या भाग १ मधल्या सहा प्रकरणांत संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन आहेत, तेव्हा स्टॅटिस्टिक्सचा एखादा पेपर जमेल तिथं घुसवाच. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं; त्यासाठी वेगळा लेख लागेल.

पत्रलेखिकेला, आणि बाकीच्यांनाही, एक काम. समांतर रेषेनं त्रिकोणाची एक बाजू √२ : १ या प्रमाणात विभागली आहे. क्षेत्रफळाचं सूत्र अजिबात न वापरता दुसरी बाजूही त्याच प्रमाणात विभागली जाते हे सिद्ध करा. आधी ३ : २ साठी करा : बाजूचे पाच समान भाग आणि समांतर रेषा, ते सोपं आहे. मग १.४१ आणि १.४२ मध्ये कोंडायला लागा. सिद्धता दोन पानांत बसते. त्यात कुठंही ‘हे उघडच आहे’ असं लिहिलेलं दिसलं, तर लाल शाईनं ‘का?’ विचारून परत पाठवीन.