राणीच्या बागेतील ऐवज

एखाद्या प्रदेशाच्या इतिहासाची साधने म्हणून आज ज्या वस्तूंकडे पाहिले जाते, त्या जमवताना जमवणाऱ्यांच्या मनात इतिहास असतोच असे नाही. कोणी त्या व्यापाराचे नमुने म्हणून गोळा केलेल्या असतात, कोणी राज्यकारभाराच्या सोयीसाठी, तर कोणी आपल्या वैभवाची खूण म्हणून. काळ लोटला की मूळ हेतू मागे पडतो, वस्तू उरते आणि पुढच्या पिढ्या तिला आपले प्रश्न विचारू लागतात. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून उभे असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे या स्थित्यंतराचे अतिशय बोलके उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंतची मुंबई दाखवणारे नकाशे, मुद्राचित्रे, छायाचित्रे, मातीच्या प्रतिकृती आणि धातूची व लाकडाची कलाकुसर असा ऐवज तेथे एकत्र आलेला आहे. मात्र तो नीट वाचायचा तर वस्तूइतकेच ती तेथवर कशी पोचली हेही जाणून घ्यावे लागते.

या संग्रहाचे मूळ लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनाशी आणि त्यानंतरच्या १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाशी जोडलेले आहे. या प्रदर्शनांत साम्राज्यातील कच्चा माल, धान्ये, धागे, रंग, खनिजे आणि कारागिरी मांडली जात असे, आणि त्यासाठी मुंबई इलाख्यातून जे नमुने जमवले गेले त्यांच्या दुसऱ्या प्रती इथेच ठेवून कायमचे संग्रहालय उभारावे, ही कल्पना गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात पुढे आली. अशा संस्थेला त्या वेळी आर्थिक संग्रहालय म्हणत, म्हणजे ज्यात वस्तूचे सौंदर्य वा प्राचीनता यांपेक्षा तिचा उपयोग आणि बाजारातील संभाव्य मोल महत्त्वाचे मानले जाई. हा संग्रह किल्ल्यातील बराकीत ठेवलेला होता. १८५७ चा उठाव झाला, सैनिकांसाठी बराकी हव्या झाल्या आणि नमुने घाईघाईने टाऊन हॉलमध्ये हलवावे लागले. त्या हलवाहलवीत त्यांतील पुष्कळसा भाग नष्ट झाला. मुंबईच्या पहिल्या संग्रहालयाच्या चरित्राची सुरुवातच अशी हानीने झालेली आहे.

पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे संग्रहाची सूत्रे आली. बेळगावात जन्मलेले बर्डवुड पेशाने डॉक्टर होते, इलाख्यातील वनस्पती व पदार्थांची सूची त्यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि भारतीय हस्तव्यवसायांवरील त्यांचा १८८० चा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. गावोगावच्या कुंभार, कासार, विणकर यांच्या हातच्या कामाबद्दल त्यांना मनापासून आस्था होती. त्याच वेळी चित्र आणि शिल्प ही ललितकला म्हणून भारतात अस्तित्वातच नाहीत, असेही त्यांचे ठाम मत होते. भायखळ्याच्या संग्रहात देवमूर्ती आणि लघुचित्रांपेक्षा भांडी, पेट्या, वस्त्रे आणि प्रतिकृती यांचे पारडे जड का, याचे बरेचसे उत्तर या मतात सापडते.

कंपनीचा कारभार आपल्या हाती घेणाऱ्या राणीच्या जाहीरनाम्यानंतर, डिसेंबर १८५८ मध्ये, टाऊन हॉलमध्ये भरलेल्या सभेत व्हिक्टोरिया राणी आणि तिचे पती आल्बर्ट यांच्या नावाने संग्रहालयाची इमारत बांधण्याचे ठरले. निधी उभारण्यात जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे अग्रभागी होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीत मुंबईचा पैसा ओसंडून वाहत होता तो हा काळ. १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला, देणगीदारांपैकी अनेकांचे दिवाळे निघाले आणि अर्धवट इमारत सरकारला पूर्ण करावी लागली. २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. आतील ओतीव लोखंडी खांब आणि कठडे, मिंटनच्या फरशा, डेव्हिड ससून यांनी दिलेला आल्बर्टचा पुतळा हे सगळे त्या तेजीच्या काळातील मुंबईचे मन दाखवणारे पुरावेच आहेत. इमारत स्वतःच संग्रहातील सर्वांत मोठी वस्तू आहे, असे म्हणावे लागते.

१९७५ मध्ये संग्रहालयाला ज्यांचे नाव देण्यात आले ते भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक, दोनदा मुंबईचे शेरीफ, कुष्ठरोगावर औषध शोधणारे वैद्य आणि शिलालेख, ताम्रपट व नाणी वाचणारे संशोधक. अजिंठ्याच्या लेखांचे वाचन त्यांनी केले, कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. संग्रहाला त्यांचे नाव मिळणे सर्वस्वी उचित होते, कारण ज्या पिढीने येथील गतकाळाकडे पुरावा म्हणून पाहण्याची सवय लावली, तिचे ते अग्रणी होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजचेच. त्यांनी मात्र या सवयीला एका नव्या साधनाची जोड दिली, आणि ते साधन म्हणजे छायाचित्रण.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. अशा प्रकारची भारतातील ती पहिलीच संस्था. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि पुढे स्वतःचा स्टुडिओ काढणारे हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातून तयार झाले. छायाचित्रण ही साहेबांनी आणलेली आणि साहेबांच्याच हाती राहिलेली विद्या होती, हा समज मुंबईपुरता तरी टिकत नाही. त्याच दशकात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मूळ छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेला मासिक अल्बम काढला, आणि जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील जाती-जमातींचा दोन खंडांचा छायाचित्रग्रंथ प्रसिद्ध केला.

ही चित्रे ज्या पद्धतीने काढली जात ती समजून घेतल्याशिवाय त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे आहे. १८५१ मध्ये शोधल्या गेलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत कोलोडिअन नावाचा चिकट द्रव काचेवर पसरून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत आणि काच ओली असतानाच, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांच्या अवधीत, चित्र घेऊन ते रसायनांनी प्रकट करीत. मुंबईच्या उन्हाळ्यात हा अवधी आणखी आखडे. घराबाहेर काम करायचे तर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांची पेटी हमालांकरवी बरोबर न्यावी लागे. प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागत असल्यामुळे जे हलते ते उमटत नसे किंवा धुरकट उमटे. जुन्या मुंबईच्या छायाचित्रांतील रस्ते निर्मनुष्य दिसतात आणि पाहणारा त्या काळच्या निवांतपणाबद्दल हळहळतो. वस्तुतः त्या रस्त्यावर पाटीवाले, बैलगाड्या आणि पालख्या यांची ये-जा चालू असणे सहज शक्य आहे. काचेने ती टिपली नाही, एवढेच.

रंगाची गोष्ट याहून महत्त्वाची. कोलोडिअन निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि तांबड्या-पिवळ्या प्रकाशाला जवळजवळ अजिबात दाद देत नसे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे, लाल पगडी काळी आणि सावळी त्वचा असते त्याहून कितीतरी गडद उमटे. एकोणिसाव्या शतकातील ज्या चेहऱ्यांकडे पाहून वंशशास्त्राचे निष्कर्ष काढले गेले, त्या चेहऱ्यांचा वर्ण काही अंशी रसायनाने ठरवलेला होता. हे तंत्र ठाऊक असूनही वर्गीकरणाचा उत्साह ओसरला नाही, ही त्या काळाच्या ज्ञानव्यवहारातील गंभीर उणीव म्हटली पाहिजे. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी पाठबळाच्या ग्रंथातही माणसाकडे जातीचा नमुना म्हणून पाहण्याची हीच दृष्टी आहे. जॉन्सनच्या ग्रंथात तर माणसे स्टुडिओत उभी करून घेतलेली आहेत आणि त्यांच्या मागे देऊळ, किनारा किंवा रस्ता दुसऱ्या काचेवरून जोडलेला आहे. कोळी, भाटिये, पारशी, प्रभू अशी शीर्षके चित्रांखाली येतात. उभ्या असलेल्या माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी नाही.

म्हणूनच छायाचित्राशेजारी वस्तू ठेवून पाहण्याची सोय या संग्रहाने करून दिली, हे त्याचे मोठे देणे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स आणि त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न यांनी संग्रहालयाची धुरा वाहिली, आणि मुंबईतील निरनिराळ्या समाजांची, व्यवसायांची व वेशभूषांची मातीची रंगवलेली शिल्पे आणि देखावे यांची मांडणी त्यांच्या काळात आकाराला आली. भाटियाच्या पगडीचा तांबडेपणा, नेसण्याची पद्धत, हातातील अवजाराची पकड अशा ज्या गोष्टी ओल्या काचेतून निसटल्या त्या येथे रंगात आणि आकारात दिसतात. अर्थात या शिल्पांमागेही तीच वर्गीकरणाची दृष्टी आहे, प्रत्येक समाजाला एक चेहरा आणि एकच पोशाख देणारी. परंतु चेहरा घडवणारा हात बहुधा इथल्याच मातीत वाढलेला होता, आणि त्याने पाहिलेली माणसे बाजारातली होती. पागोट्याचा पीळ कुठून सुरू होतो, पदर कोणत्या खांद्यावरून येतो, हे वर्गीकरणाच्या तक्त्यातून कळत नाही. ते रोज पाहणाऱ्यालाच ठाऊक असते. या शिल्पांचे मोल त्या तपशिलात आहे.

संग्रहाचा काही भाग इमारतीच्या बाहेर आहे आणि तोही तितक्याच लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलत असताना कोसळून फुटला. त्याचे तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि पुढे ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, शहरातील चौकांतून हलवलेले इंग्रजी अमलातील पुतळे या परिसरात आले. ज्याच्यावरून एका विभागाचे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा ‘काळा घोडा’ १९६५ मध्ये येथे हलवला गेला. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून घडवलेला, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही येथे आहे. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली ती याच पुतळ्याला. पुढच्या वर्षी २२ जूनला याच बंधूंनी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. राजनिष्ठेच्या देणगीतून उभा राहिलेला, बंडखोरीच्या पहिल्या खुणा अंगावर घेतलेला आणि अखेर चौकातून हटवलेला असा हा एकच दगड तीन कालखंडांचा साक्षीदार आहे, आणि त्याला केवळ गुलामीची निशाणी म्हणून बाजूला सारणे किंवा केवळ कलाकृती म्हणून मिरवणे या दोन्ही गोष्टी त्याच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत.

मधल्या काळात इमारतीची आणि संग्रहाची दुर्दशा झाली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. वास्तूच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या प्रारंभी संग्रहालय पुन्हा खुले झाले. सार्वजनिक संस्था आणि खासगी दाते यांच्या सहकार्यातून काय साधता येते याचा हा दाखला महाराष्ट्रातील इतर संग्रहालयांनी अभ्यासावा असा आहे.

इमारत एकदा नीट केली की काही दशके टिकते. कागदाची काळजी मात्र रोजची असते. जुन्या छायाचित्रांच्या बहुतेक प्रती अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर काढलेल्या आहेत. हा लेप उजेडाने पिवळा पडतो, दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि ज्या पुठ्ठ्यावर चित्र चिकटवलेले असते त्यातील आम्ल हळूहळू चित्रात उतरते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता महिनोन्‌महिने चढी राहते. म्हणून अशी चित्रे आम्लरहित कागदात व पेट्यांत ठेवणे, त्यांच्यावरचा उजेड मोजून देणे आणि मूळ प्रत वारंवार हाताळावी लागू नये यासाठी तिचे अंकीकरण करणे या गोष्टी आवश्यक ठरतात. अंकीकरण म्हणजे जतन, असा एक सोयीस्कर समज अलीकडे रूढ होत आहे आणि तो घातक आहे. पडद्यावरच्या प्रतिमेत कागदाची जाडी, मागच्या बाजूचा शिक्का, स्टुडिओचे छापील नाव, कडेला कापून टाकलेला भाग यांतले बहुधा काहीच येत नाही, आणि चित्राचा काळ ठरवताना अनेकदा याच गोष्टी कामी येतात.

मूळ वस्तूइतकीच मोलाची असते ती परिग्रहणाची नोंदवही. संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन ती कोणाकडून, कधी, कशी आली हे ज्या वहीत लिहितात ती ही वही. वस्तू राहिली आणि नोंद हरवली तर उरते ती शोभेची चीज; नोंद राहिली आणि वस्तू हरवली तरी इतिहासकाराच्या हाती काही तरी लागते. एखादे छायाचित्र काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागारातील दप्तरांशी, एशियाटिक सोसायटीतील जुन्या वृत्तपत्रांशी आणि संग्रहालयातील नकाशांशी ताडून पाहता येते ते अशा नोंदीच्या आधारेच.

संस्थांकडील छायाचित्रांत जात लिहिलेली आहे आणि नाव नाही. गिरगाव, दादर, पुणे, कोल्हापूर येथील घराघरांत असलेल्या अल्बमांत नेमके उलटे आहे: तेथे प्रत्येक चेहऱ्याचे नाव आजीला पाठ असते, आणि कागदावर काहीच लिहिलेले नसते. स्टुडिओच्या पडद्यापुढे नऊवारीत बसलेली बाई, शेजारी टोपी घातलेला मुलगा, मागे उभा असलेला कोटवाला गृहस्थ. या चित्रांतून वस्त्रांचा, दागिन्यांचा, स्त्रियांच्या बाहेर पडण्याचा आणि नव्या नोकरदार वर्गाच्या आकांक्षांचा इतिहास लिहिता येईल, पण त्यासाठी नाव, नाते, गाव आणि अंदाजे साल चित्राबरोबर राहिले पाहिजे. ते लिहायचे मागच्या बाजूला, कडेशी, मऊ शिसपेन्सिलीने आणि हलक्या हाताने. शाई किंवा बॉलपेन वापरले तर ते कालांतराने कागदातून झिरपते किंवा दाबाने चित्राच्या पृष्ठभागावर उमटते. चित्र अल्बमच्या पानाला पक्के चिकटलेले असेल तर ते उकलण्याचा प्रयत्न न करता पानाला क्रमांक द्यावा आणि माहिती वेगळ्या वहीत त्याच क्रमांकाखाली उतरवून ठेवावी. संग्रहालयाच्या परिग्रहणवहीत नेमके हेच केलेले असते.