भिंतीपलीकडील लहरी

रेडिओलहरींना घराची भिंत पूर्णपणे अडवू शकत नाही. वायफायच्या बाबतीत कुंपणाचे काम परवलीचा शब्दच करतो. तो शेजाऱ्यास सांगितला, की त्यास केवळ इंटरनेट मिळते असे नव्हे. घरातील संगणक, प्रिंटर व कॅमेरे यांच्यापर्यंतही त्याची उपकरणे पोचू शकतात. शिवाय २००४ सालच्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत, हा शब्द ठाऊक असणाऱ्यास जोडणीच्या क्षणीचे संकेत टिपून इतरांचे अन्यथा असंरक्षित संदेश उलगडता येतात. २०१८ सालच्या डब्ल्यूपीए-३ पद्धतीने हा दोष दूर केला. म्हणून जुना शब्द बदलून शेजाऱ्यासाठी राउटरवर निराळे ‘अतिथी जाळे’ सुरू करावे. त्याचे नाव व परवलीचा शब्द स्वतंत्र असतो. त्यावरून इंटरनेट मिळते. घरातील उपकरणांकडे जाणारी वाट मात्र सामान्यतः बंद असते. अशा रीतीने शेजारधर्म पाळला जातो आणि घराचे दारही लागलेले राहते.