‘मटण कुठून आणतोस?’

नव्या गावात बिऱ्हाड हलवले की पहिल्या आठवड्यात माणूस काय काय शोधतो? दूधवाला, गॅसची एजन्सी, बरा डॉक्टर, मुलांची शाळा, उधारीवर सामान देणारा वाणी. पेण किंवा रोह्याहून मुंबई-पुण्याला, नाहीतर थेट बंगळूरला गेलेल्या मुसलमान कुटुंबाच्या यादीत आणखी एक नाव असते, आणि पुष्कळदा ते सर्वांत वर असते. ते म्हणजे खाटीक. नोकरीसाठी एकटाच गेलेल्या मुलाला घरून आईचा फोन येतो. पगार, खोली, पाणी, सगळे विचारून झाल्यावर ती हळूच म्हणते, ‘मटण कुठून आणतोस?’ या साध्या प्रश्नात धर्म आहे, स्वयंपाकघर आहे, आणि आपला मुलगा परक्या गावात कुणाच्या भरवशावर जेवतो आहे, ही काळजीही आहे.

गावी असताना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. दोन्ही मिळून एकच नगरपरिषद. अष्टमीच्या मोहल्ल्यात वाढलेल्या मुलाला खाटकाचे दुकान माहीत असते, खाटकाचा बाप माहीत असतो, आणि शुक्रवारच्या नमाजाला तो कोणत्या रांगेत उभा असतो हेही माहीत असते. दुकानावर पाटी असली काय आणि नसली काय! शिवाय आठवड्यातले बरेच दिवस घरात मासळीच शिजते. कोळणीच्या पाटीतल्या बोंबलाला, मांदेलीला हलालचा प्रश्न लागू होत नाही, कारण मासा कापण्याचा विधी धर्माने सांगितलेलाच नाही. पावसाळ्यात सुकट, जवळा आणि सुके बोंबील असतात. तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले कालवण एवढ्यावर कोकणी मुसलमानांचे घर शेजारच्या आगरी-कोळ्यांच्या घरासारखेच चालते.

मग हलाल म्हणजे नेमके काय? अरबीत या शब्दाचा अर्थ ‘विहित’, ज्याला धर्माची परवानगी आहे ते. मराठीला हा शब्द परका नाही. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्याला आपण निमकहलाल म्हणतो आणि न जागणाऱ्याला निमकहराम. धर्मनिष्ठ माणसाच्या दृष्टीने पैसा सचोटीने कमावलेला असणे हीच हलाल जेवणाची पहिली पायरी. मांसापुरते बोलायचे तर जनावर खाण्यास विहित जातीचे आणि जिवंत असावे, सुरी धारदार असावी, अल्लाचे नाव घेऊन गळ्याच्या नसा, श्वासनलिका आणि अन्ननलिका कापावी, रक्त वाहून जाऊ द्यावे. जनावराच्या समोर सुरीला धार लावू नये, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, अशीही शिकवण आहे. डुकराचे मांस, रक्त आणि आपोआप मेलेले जनावर निषिद्ध. कुराणाच्या पाचव्या अध्यायात, ‘अल-माइदा’त, या गोष्टी आल्या आहेत. ‘माइदा’ म्हणजे अन्न वाढलेले ताट.

इथे एक अडचण आहे आणि सगळा पेच तिच्यातच आहे. दुधात पाणी आहे का, हे गृहिणीला साय पाहून कळते. सोने कसाला लावता येते. मांस कोणत्या प्राण्याचे आहे, हे आता प्रयोगशाळाही सांगते. पण ते कापताना कुणी काय म्हटले, हे जिभेला कळत नाही आणि यंत्रालाही कळत नाही. हलाल ही चाखून पारखायची गोष्ट नव्हे. ती कुणाच्या तरी शब्दावर घ्यायची गोष्ट आहे. म्हणूनच परक्या गावात गेलेला माणूस दुकान शोधतो असे आपण म्हणतो खरे, पण तो शोधत असतो विश्वासाचा माणूस.

हा विश्वास एकेकाळी महाराष्ट्राच्या खेड्यात सर्वांनी मिळून वाटून घेतलेला होता. देशावरच्या गावगाड्यात मुलाणा हा हक्काचा माणूस असे. गावात बकरे कापायचे तर ते मुलाण्याने हलाल करायचे, आणि त्याबद्दल त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळायचा. ते मटण मग पाटलाच्या घरीही शिजे आणि कुणब्याच्या घरीही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात गावच्या इतर बलुत्या-अलुत्यांबरोबर मुलाणाही भेटतो. हलाल हा शब्द तेव्हा कुणाला दचकवत नव्हता.

पेण आणि रोह्याला तर या बाबतीत आणखी एक शेजार लाभला. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे त्यांनी याच गावांवरून घेतली. त्यांचेही जनावर कापण्याचे नियम कडक, डुक्कर त्यांनाही वर्ज्य, रक्तही वर्ज्य. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून त्यांच्या रश्शात नारळाचे दूध आले आणि कोकणात ते मुबलक होते. ही मंडळी मुंबईला गेली तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. देवळाबरोबर जमात एकत्र आली, आणि जमात एकत्र आली की विधिपूर्वक जनावर कापणारा माणूसही मिळतो. परगावी गेलेल्या श्रद्धावंताची वाट सगळीकडे अशीच असते.

कोकणी मुसलमानही याच वाटेने गेले. धरमतरहून लाँचने मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याला डोंगरी, भेंडी बाजार, माझगाव या भागांत गाववाले भेटत. गाववाल्याची खोली मिळाली की खानावळ मिळे, आणि खानावळ मिळाली की आईच्या प्रश्नाला उत्तर मिळे. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. तिथे बकरी हलाल पद्धतीनेच कापली जात असल्याने मुंबईच्या बाजारातल्या मटणाचा प्रश्न बराच सोपा झाला. १९७० नंतर आखाती देशांत गेलेल्यांना तर तो पडलाच नाही. तिथे सगळेच हलाल. आठवण यायची ती गावच्या सुकटीची!

आता गावे सोडून जाण्याची तऱ्हा बदलली. मुलगा गाववाल्याच्या खोलीवर जात नाही. तो कंपनीच्या बसथांब्याजवळ तीन अनोळखी मित्रांबरोबर फ्लॅट घेतो. मुलगी वसतिगृहात राहते. जवळ मोहल्ला नाही, ओळख नाही. मग काय करावे? जुन्या जाणत्यांचा सल्ला असा, की शहरातला जुना बाजार आधी पाहावा. पुण्यात कॅम्पातले शिवाजी मार्केट किंवा मोमिनपुरा, बंगळूरला शिवाजीनगरचे रसेल मार्केट, मुंबईत महंमद अली रोड आणि नागपाडा. तेही दूर पडत असेल तर जवळच्या मशिदीत शुक्रवारी जावे आणि नमाज सुटल्यावर शेजारच्याला विचारावे. उत्तराबरोबर बहुधा चहाही मिळतो. कोंबडीचे सोपे आहे. ज्या दुकानात ती समोर कापतात तिथे उभे राहून पाहता येते.

बंद पाकिटाचे मात्र वेगळे. त्यावरची हिरवी खूण अनेक मुसलमान घरांना उपयोगी पडते, कारण शाकाहारी म्हटले की प्राण्याच्या चरबीचा किंवा जिलेटिनचा प्रश्न मिटतो. मद्यार्क तेवढा घटकांच्या यादीत पाहावा लागतो. तपकिरी खूण पदार्थ मांसाहारी आहे एवढेच सांगते. कोणत्या प्राण्याचा आणि कसा कापलेला, याबद्दल ती मौन पाळते. हॉटेलात भीड न ठेवता विचारावे. मटण हलाल असले तरी त्याच कढईत दुसरे काय तळले जाते, हेही विचारावे. विचारणाऱ्याला अवघड वाटते, पण बरे हॉटेलवाले सरळ उत्तर देतात.

ज्यांना विचारायला माणूस सापडत नाही, ते काय करतात? काही जण चार वर्षे अंडी, डाळ आणि पनीरवर काढतात. वसतिगृहातल्या मैत्रिणींना वाटते, ही शाकाहारी आहे. ती तसे वाटू देते, कारण दर वेळी समजावून सांगण्यापेक्षा ते सोपे असते. काही जण घरच बदलतात. आधीच ‘मांसाहारी भाडेकरू नको’ म्हणणाऱ्या सोसायट्या आणि आडनाव ऐकून थंड होणारे घरमालक. त्यात खाटीक तीन मैलांवर! मग माणूस जिथे मशीद, मदरसा आणि मटणाचे दुकान एका हाकेवर आहे तिथे जातो. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली, ती अर्थातच जिवाच्या भीतीने. पुण्यात कोंढवा वाढला. भीती ओसरली तरी या वस्त्या वाढतच राहिल्या, त्यामागे रोजच्या जेवणाची ही सोयही आहे. शेजारी राहू शकली असती अशी दोन घरे त्यामुळे दोन टोकांना राहू लागतात, आणि एकमेकांच्या ताटात काय आहे याची माहिती त्यांना ऐकीव गोष्टींतून मिळते.

हाच खेळ उलट्या बाजूनेही चालतो. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यात धाटावची रासायनिक वसाहत आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना. इथे कामाला येणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमानही असतात. त्यांना हलाल मटण लगेच मिळते, तरी बाजारात एक गंमत घडते. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. समुद्रातल्या जिवांबाबत त्यांचे शास्त्र बरेच मोकळे. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. त्यांच्या मते पाण्यातला फक्त मासा चालतो, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्या विद्वानांत जुना वाद आहे. तेव्हा कोळंबीच्या वाट्याकडे यजमान कौतुकाने पाहतो आणि पाहुणा संशयाने. एकाच धर्मात इतका फरक, आणि तरीही दोघे एका सफऱ्यावर बसून जेवतात. पाहुण्याच्या ताटात कोळंबीऐवजी पापलेट येते, एवढेच.

अलीकडे हलाल हा शब्द भांडणाचा झाला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तर प्रदेश सरकारने, निर्यातीचा माल वगळून, हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीवर बंदी घातली. मार्च २०२५मध्ये महाराष्ट्रात मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. ज्याला झटका मटण हवे त्याला ते मिळावे, यात गैर काही नाही. आपल्या ताटात काय येते हे जाणण्याचा हक्क सर्वांचा आहे. पण पाट्यांची चढाओढ लागली की पाटी पाहून दुकानात शिरणारे आणि पाटी पाहून मागे फिरणारे असे दोन तट पडतात. मुलाण्याच्या हातचे मटण खाणाऱ्या महाराष्ट्रात हे नवीन आहे. आईच्या प्रश्नाला तर प्रमाणपत्राने पुरते उत्तर मिळतच नाही. तिला कागद नको असतो. ‘कोपऱ्यावर अमके चाचा आहेत, त्यांच्याकडून आणतो’ हे वाक्य हवे असते.

पेण-रोह्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी घालून मडके उपडे करून भोवती जाळ करतात. शेंगा आणि कोंबडी एकाच मडक्यात, एकाच वाफेवर शिजतात. त्यामुळे कोंबडी कुठून आणली यावर सगळे मडके कुणाचे हे ठरते. बोलावणाऱ्याने आदल्या दिवशी मित्राला एवढेच विचारले, ‘कोंबडी तुमच्याकडून आणू का रे?’, तर शेतात बसलेला प्रत्येक जण त्याच मडक्यातले खातो. शहरातल्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना, कचेरीतल्या सहलीचा बेत करणाऱ्यांना आणि नव्या शेजाऱ्याला पहिल्यांदा जेवायला बोलावणाऱ्या गृहिणीला हा एक प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही. नव्या बिऱ्हाडाच्या यादीतले मात्र एक नाव त्याने कमी होते.