बाह्य दृश्यदर्शक

काही कॅमेऱ्यांच्या माथ्यावर एक लहानशी काचेची खिडकी बसविलेली असते. तिला बाह्य दृश्यदर्शक म्हणतात. १९३० साली लायका कॅमेऱ्याचे भिंग बदलता येऊ लागले. कॅमेऱ्यातला दर्शक मात्र एकाच भिंगाची चौकट दाखवी. म्हणून इतर भिंगांसाठी निराळे दर्शक वापरात आले.

छायाचित्रकार दर्शकातून पाहतो. चित्र उमटते ते खालच्या भिंगातून. समजा, दर्शक भिंगाच्या ८ सेंटिमीटर वर आहे. ढोकी येथील साखर कारखान्याचे धुराडे १०० मीटरांवरून टिपताना एवढ्याने काहीच बिघडत नाही. पण तेथल्याच एखाद्या आजीबाईंचे चित्र १ मीटरवरून घेतले तर? ३५ मिलिमीटर फिल्म आणि ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असता आडव्या चौकटीत सुमारे ४८ सेंटिमीटर उंचीचे दृश्य मावते. त्यातील वरचा सहावा हिस्सा हुकतो. दर्शकात डोईवरचा पदर दिसतो. चित्रात कपाळ कापले जाते. या दोषास पराशय म्हणतात.

फिल्मवर हा दोष ती धुतल्यावरच कळतो. तोवर आजीबाई गावी परतलेल्या असतात. म्हणून चौकट ठरल्यावर कॅमेरा तेवढाच, म्हणजे ८ सेंटिमीटर, सरळ वर उचलावा. डिजिटल कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक दर्शकात भिंगाचेच दृश्य दिसते. तेथे हा दोष नसतो. मात्र त्याच कॅमेऱ्यावर काचेचा दर्शक लावल्यास तो पुन्हा येतो. भिंगाची जागा ध्यानात ठेवून पाहणाऱ्यासच मनाजोगे चित्र लाभते.