मोठ्या संख्यांचे मूळ अवयव

दोन संख्यांचा गुणाकार करणे प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यासही साधते. परंतु केवळ गुणाकार हाती देऊन तो कोणत्या मूळ संख्यांचा, असे विचारले, तर संख्या फार मोठी असल्यास गणितज्ञही अडखळतात. या अडचणीवरच आज अनेक बँकव्यवहारांची गुप्तता अवलंबून असल्याने तिचे स्वरूप सर्वांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणार्थ, ८०५१ ही संख्या घेऊ. २, ३, ५ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत गेल्यास तेविसाव्या भागाकारास ८३ हा अवयव सापडतो. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी याहून जवळची वाट दाखविली. ९० चा वर्ग ८१००. त्यातून ८०५१ वजा केल्यास ४९ उरतात आणि ४९ हा ७ चा वर्ग होय. म्हणून ८०५१ = (९० − ७) × (९० + ७), म्हणजेच ८३ × ९७. शिक्षकांनी याच रीतीने विद्यार्थ्यांकडून ५९५९ चे अवयव काढून घ्यावेत. तिसऱ्या प्रयत्नात उत्तर मिळेल. मात्र दोन अवयवांत अंतर मोठे असल्यास ही वाटही लांबते.

१९७७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी या अडचणीचाच उपयोग करून संदेश गुप्त राखण्याची पद्धती मांडली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करावयाचा. त्या संख्या मात्र गुप्त ठेवावयाच्या. जाहीर संख्येच्या आधारे कोणीही संदेशास कुलूप लावू शकतो. ते उघडण्याची किल्ली अवयव जाणणाऱ्यापाशीच असते. त्याच वर्षी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी सुमारे १६०० संगणकांच्या साहाय्याने उकलली. त्या वेळी वापरलेली रीत फर्मा यांच्या वर्गांच्या फरकाच्या कल्पनेचाच विस्तार होती. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचेही अवयव सापडले. म्हणूनच आता सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरण्यात येतात.

असे कुलूप फोडणे दुष्कर असल्याने फसवणूक करणारे सहसा त्या वाटेस जात नाहीत. ते दूरध्वनीवरून खातेदाराकडूनच किल्ली मागून घेतात. यास्तव बँकेचा गुप्त संकेतांक, मागणारा कोणीही असो, त्यास सांगू नये. गणिताने केलेले रक्षण आपल्या सावधगिरीनेच पूर्ण होते.